व्हॅलेंतिना तेरेश्कोवा: अंतराळवीर ते खासदार, आणि मधलं मौन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत ‘अंतराळातली पहिली स्त्री’ या विषयावर तुम्हाला बोलायचं आहे. तयारी करताना परस्परविरोधी मजकूर हाती लागला. कुणी म्हणतं त्यांचं उड्डाण फसलं होतं, कुणी म्हणतं त्या नुसत्या शोभेच्या होत्या. आणि पुतिन यांना 2036 पर्यंत सत्तेत राहायची वाट ज्या दुरुस्तीने मोकळी झाली ती याच बाईंनी मांडली, हे वाचून तुम्ही गोंधळलात. मुलींना नेमकं काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी उपग्रहांचं तोंड योग्य दिशेला राहील हे पाहण्यात गेली आणि रशियन कागदपत्रं कामापुरती वाचता येतात. उड्डाणाबद्दल मी जे लिहितो ते त्या कामातून आलेलं आहे, राजकारणाबद्दलचं मत एका वाचकाचं आहे. ते मत आधीच सांगून टाकतो. तेरेश्कोवा अंतराळवीर म्हणून निवडल्या गेल्या त्याच गुणांवर त्या राजकारणात टिकल्या. एक धाडसी मुलगी पुढे बदलली, ही गोष्ट मला पटत नाही. 1963 ची तेरेश्कोवा आणि 2020 ची तेरेश्कोवा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

निवडीपासून सुरुवात करू, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. त्यांचा जन्म 6 मार्च 1937 चा, यारोस्लाव्ल प्रांतातल्या बोल्शोये मास्लेन्निकोवो या खेड्यातला. वडील ट्रॅक्टरचालक. फिनलंडबरोबरच्या हिवाळी युद्धात ते मारले गेले तेव्हा ही पोर अजून शाळेतही जात नव्हती. आईने गिरणीत राबून मुलं वाढवली. व्हॅलेंतिना आधी टायरच्या कारखान्यात लागल्या, मग आईसारख्याच कापडगिरणीत, ‘क्रास्नी पेरेकोप’ या यारोस्लाव्लच्या मोठ्या गिरणीत. शिक्षण पत्रद्वारे चालू ठेवलं. 1959 पासून तिथल्या एरोक्लबात पॅराशूटच्या उड्या मारायला लागल्या आणि पुढच्या वर्षी गिरणीतल्या कोम्सोमोलच्या, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेच्या, चिटणीस झाल्या.

आता हे दुसऱ्या बाजूने पाहा. अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन, त्याच्या उड्डाणानंतर निकोलाय कामानिन या जनरलने स्त्रियांची तुकडी उभी करायचा आग्रह धरला. अमेरिकन बाई आधी वर जाऊ नये, ही त्यांची मुख्य चिंता. वोस्तोक या एका माणसाच्या सोव्हिएत यानात माणूस यानासोबत जमिनीवर उतरत नसे. सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो खुर्चीसकट बाहेर फेकला जाई आणि स्वतःच्या पॅराशूटने खाली येई. म्हणून वैमानिक नसल्या तरी चालेल, पण पॅराशूटवाल्या हव्यात. तिशीच्या आतल्या, उंचीने 170 सेंटिमीटरच्या आणि वजनाने 70 किलोच्या आतल्या. 1962 च्या सुरुवातीला पाच जणी निवडल्या: तेरेश्कोवा, इरिना सोलोव्योवा, तात्याना कुझ्नेत्सोवा, झान्ना योर्किना आणि व्हॅलेंतिना पोनोमार्योवा.

या पाचांत अभ्यासाने सर्वांत पक्की पोनोमार्योवा होती. विमानशास्त्राची पदवी, विमान चालवण्याचा अनुभव, गणिताच्या संस्थेत काम. सोलोव्योवा पॅराशूटमध्ये सरस आणि स्वभावाने शांत. तरी पहिला क्रमांक तेरेश्कोवांना मिळाला. कामानिनच्या रोजनिशीत याची कारणं स्पष्ट आहेत, ती नव्वदीच्या दशकात छापली गेली. गिरणीकामगार, हुतात्म्याची मुलगी, सभेत बोलता येतं, माणसांत मिसळता येतं, पक्षाशी एकनिष्ठ. पोनोमार्योवाची स्वतंत्र मतं त्यांना खटकत होती. उड्डाणानंतर जी बाई जगभर फिरणार तिचा चेहरा आणि तिची जीभ दोन्ही भरवशाचे हवेत, हा हिशोब होता. शेवटचा होकार सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा. थोडक्यात, राजकीय कारकीर्द उड्डाणानंतर सुरू झाली असं म्हणतात ते बरोबर नाही. उड्डाणासाठीची निवडच राजकीय होती, आणि ती निवड करणाऱ्यांनी माणूस बरोबर ओळखला होता.

म्हणून त्यांचं कर्तृत्व कमी होतं का? मुळीच नाही. 16 जून 1963 ला वोस्तोक-6 बायकोनूरच्या तळावरून उडालं. दोन दिवस आधी वोस्तोक-5 मधून वालेरी बिकोव्स्की वर गेले होते, आणि सुरुवातीला दोन्ही यानांमध्ये जेमतेम पाच किलोमीटरचं अंतर होतं. तेरेश्कोवांनी पृथ्वीभोवती 48 फेऱ्या मारल्या, 70 तास 50 मिनिटं वर राहिल्या. त्या दिवसापर्यंत अंतराळात गेलेल्या सगळ्या अमेरिकनांचा एकूण वेळ याहून कमी होता. वय 26. आईला सांगितलं होतं की पॅराशूटच्या सरावाला चालले आहे. आईला खरं कळलं ते मुलगी वर पोचल्यावर, सगळ्या देशाबरोबर. आजपर्यंत एकटीने अंतराळप्रवास केलेली दुसरी स्त्री नाही.

आता ‘फसलेलं उड्डाण’ या आरोपाकडे येतो. तुमच्या प्रश्नातला हाच भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वोस्तोकला खाली आणायचं तर एकच मोटर होती, ती सुमारे पाऊण मिनिट जळायची. ही मोटर प्रवासाच्या दिशेविरुद्ध जोर लावेल असं यान आधी वळवावं लागे. वेग थोडा कमी झाला की कक्षा खाली झुकते आणि यान वातावरणात शिरतं. पण यानाचं तोंड उलट्या बाजूला असेल तर तीच मोटर वेग वाढवते आणि यान आणखी वर जातं. दुसरी मोटर नाही, पुन्हा प्रयत्न नाही. मुळात कक्षा मुद्दाम इतकी खाली ठेवलेली असे की मोटर पेटलीच नाही तरी विरळ हवेच्या घर्षणाने यान काही दिवसांत आपोआप खाली यावं, आणि तेवढे दिवस पुरेल इतकं अन्न आत असे. चुकून वर ढकललं गेलेलं यान या हिशोबात कुठेच बसत नाही.

यान वळवायची सोय दोन प्रकारची होती. एक स्वयंचलित, सूर्याच्या आधाराने. दुसरी हाताने. हाताने वळवायचं तर पायाशी जमिनीच्या बाजूला ‘व्झोर’ नावाचं गोल भिंगयंत्र बसवलेलं असे. मधल्या वर्तुळात खालची जमीन सरकताना दिसे आणि कडेने लावलेल्या आठ आरशांत क्षितिजाची उजळ किनार. आठही आरशांत किनार सारखी दिसली म्हणजे यान जमिनीशी काटकोनात आहे. मग मधली जमीन काचेवरच्या रेघांच्या दिशेने सरकते का ते पाहायचं, म्हणजे तोंड कुठे आहे ते कळतं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात अंतराळपोशाखात, पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेल्या अवस्थेत, हातातला दांडा हलका हलका वळवत हे करायचं आणि यान हळूहळू फिरताना घाई करायची नाही. मी संगणकाच्या पडद्यासमोर बसून, चहा पीत, तासन्‌तास विचार करून हेच काम केलं आहे. त्यामुळे या आठ आरशांच्या वर्णनापाशी मी दर वेळी थांबतो.

तेरेश्कोवांचं म्हणणं असं: उतरण्यासाठी यानाला जी दिशा दिली होती ती उलटी होती, परतण्याऐवजी आपण वर जाणार हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते जमिनीवर कळवलं. नवी आकडेवारी पाठवली गेली, त्यांनी ती भरली. मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव यांनी त्यांना विनंती केली की हे कुणाला सांगू नकोस.

दुसरी बाजूही वाचायला हवी. कामानिन आणि नियंत्रणकक्षातल्या इतरांच्या नोंदींनुसार हाताने यान वळवण्याचे त्यांचे सुरुवातीचे प्रयत्न जमले नाहीत, तिसऱ्या दिवशी जमलं. काही प्रयोग राहून गेले. मधे उलटी झाली, हेल्मेटच्या कड्याने खांदा दुखत होता, पायात गोळा आला होता, काही वेळा जमिनीवरच्या हाकेला उत्तर आलं नाही कारण त्या झोपल्या होत्या. या नोंदींच्या आधारावर ‘उड्डाण फसलं’ असं लिहिलं जातं.

माझं मत सांगतो. आत आखून दिलेली दिशाच उलटी असेल तर हाताने वळवायचा प्रयत्न करणाऱ्याला समोर दिसणारं चित्र आणि शिकवलेलं चित्र जुळणारच नाही. त्यामुळे ‘तिला जमलं नाही’ आणि ‘आखणी चुकली होती’ ही दोन्ही विधानं एकाच घटनेची असणं सहज शक्य आहे. ही मळमळही फक्त त्यांना झाली असं नाही. दोन वर्षं आधी गेर्मन तितोव या कसलेल्या लढाऊ वैमानिकालाही ती झाली होती. त्यांना कुणी अपयशी म्हटलं नाही. बाईंच्या वाट्याला आलेली भाषा वेगळी होती, आणि पुढची एकोणीस वर्षं एकही स्त्री वर न पाठवण्यासाठी ती भाषा उपयोगी पडली. सोलोव्योवा आणि पोनोमार्योवा यांना घेऊन स्त्रियांच्या अंतराळचालीची आखणी झाली होती, ती रद्द झाली. 1969 मध्ये तुकडीच मोडली. चौघी जणी कधीच उडाल्या नाहीत.

आता मौनाबद्दल. कोरोल्योव जानेवारी 1966 मध्ये वारले. त्यानंतर वचनाला साक्षीदारसुद्धा उरला नव्हता. तरी तेरेश्कोवांनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांच्या नावाने कुजबुज चालू होती, त्या कमी पडल्या असं बोललं जात होतं, आणि स्वतःचा बचाव करणारी एक साधी खरी गोष्ट त्यांच्याकडे होती. ती त्यांनी कित्येक दशकं पोटात ठेवली. हे विलक्षण आहे. यात निष्ठा आहे, सोसण्याची ताकद आहे, आणि वरून सांगितलेलं आपल्या सत्यापेक्षा मोठं मानणंही आहे. त्यांचं राजकारण समजायचं तर मी याच ठिकाणी बोट ठेवीन.

राजकीय पायऱ्या मग भराभर आल्या. 3 नोव्हेंबर 1963 ला अंतराळवीर आंद्रियान निकोलायेव यांच्याशी लग्न, ख्रुश्चेव्ह स्वतः हजर. त्याच महिन्यात हे दोघे आणि बिकोव्स्की भारतात आले. (थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं तेही त्याच महिन्यात, 21 नोव्हेंबरला.) पुढच्या वर्षी मुलगी झाली. पुढे संसार मोडला, 1982 मध्ये रीतसर घटस्फोट झाला. दरम्यान झुकोव्स्की अकादमीतून अभियंत्याची पदवी घेतली. 1966 पासून सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्य, 1968 पासून सोव्हिएत महिला समितीच्या अध्यक्ष, 1971 पासून पक्षाच्या केंद्रीय समितीत, 1974 पासून सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळावर. 1975 मध्ये मेक्सिको शहरात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या जागतिक महिला परिषदेत सोव्हिएत शिष्टमंडळाच्या नेत्या त्याच होत्या.

या पदांना किती वजन होतं? निवडणुकीत एकच उमेदवार असायचा, म्हणजे निवडून येणं हे पक्षाने नाव ठरवण्यावर होतं. महिला समितीचं मुख्य काम परदेशात सोव्हिएत स्त्रीचं चित्र मांडणं. ते त्यांनी उत्तम केलं, माणसं जोडली, आणि देशातल्या सामान्य लोकांची शेकड्यांनी येणारी गाऱ्हाणी घरापासून औषधापर्यंत मार्गी लावायला त्यांचं नाव उपयोगी पडे. यारोस्लाव्लला लोक अजूनही त्यांच्याबद्दल आपुलकीने बोलतात ते या कामामुळे. धोरण ठरवणारी मंडळी मात्र दुसरी होती. आणि ज्या अध्यक्ष बाई जगभर सोव्हिएत स्त्रीच्या समानतेचं उदाहरण म्हणून उभ्या राहत होत्या, त्यांच्याच देशात 1963 ते 1982 दुसरी स्त्री अंतराळात गेली नाही. त्यांना स्वतःला पुन्हा उडायचं होतं. मार्च 1968 मध्ये गागारिन विमान अपघातात गेल्यावर ती शक्यता संपली, पहिल्या स्त्रीला कुणी धोक्यात घालणार नव्हतं.

सोव्हिएत संघ गेला तेव्हा पदं गेली, मान राहिला. 1995 मध्ये मेजर जनरल झाल्या. पण खऱ्याखुऱ्या मतपेटीला सामोरं जायची वेळ आली तेव्हा दुमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, निवडणुकीत 1995 ला आणि 2003 ला यश आलं नाही. 2008 मध्ये ‘संयुक्त रशिया’ या सत्ताधारी पक्षातर्फे यारोस्लाव्लच्या प्रांतिक दुमात गेल्या, 2011 मध्ये राष्ट्रीय दुमात, आणि 2016 व 2021 मध्ये पुन्हा. पाठीशी सत्तेचा पक्ष असला की दार उघडतं, हे त्यांच्या कारकिर्दीत दोन वेगळ्या राजवटींत सारखंच दिसतं.

10 मार्च 2020 चा प्रसंग नीट समजून घ्या, कारण तुमचे विद्यार्थी विचारतील. जानेवारीत पुतिन यांनी राज्यघटनेत मोठे बदल सुचवले होते. दुसऱ्या वाचनाच्या दिवशी 83 वर्षांच्या तेरेश्कोवा सभागृहात उठल्या आणि म्हणाल्या की एक तर अध्यक्षपदाच्या कालावधीची मर्यादा काढून टाका, नाही तर नवी घटना लागू झाल्यावर सध्याच्या अध्यक्षांनाही इतर नागरिकांसारखं उभं राहता येईल अशी तरतूद करा, म्हणजे आधीच्या खेपा मोजू नका. कामकाज थांबवलं गेलं. थोड्याच वेळात पुतिन स्वतः दुमात आले. मर्यादा सरसकट काढायला त्यांनी नकार दिला, आणि घटनात्मक न्यायालयाची हरकत नसेल तर दुसरा पर्याय चालेल असं सांगितलं. दुरुस्तीच्या बाजूने 380 मतं, विरोधात 43. न्यायालयाने काही दिवसांतच मान्यता दिली. जुलैच्या सुरुवातीला संपलेल्या देशव्यापी मतदानात अधिकृत आकड्यांप्रमाणे सुमारे 78 टक्क्यांनी होकार दिला. त्याआधी 2024 नंतर पुतिन यांना उभं राहता येत नव्हतं, आता 2036 पर्यंत राहता येतं.

ही सूचना त्यांच्या मनात आपोआप आली आणि अध्यक्ष योगायोगाने थोड्याच वेळात हजर झाले, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. ती त्यांच्याकडून मांडून घेतली गेली, असंच मला वाटतं. पण म्हणून त्यांना कळसूत्री बाहुली म्हणणंही मला मान्य नाही. बाहुलीला मत नसतं, यांना होतं. खंबीर नेता देश सांभाळतो, अशीच त्यांची श्रद्धा असावी असं त्यांच्या साऱ्या आयुष्यावरून दिसतं. ज्या व्यवस्थेने गिरणीतून उचलून त्यांना आकाशात नेलं, तिचं ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही. त्यांनी जे केलं ते रशियाच्या लोकशाहीसाठी घातक होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते करताना त्यांनी आपल्या नावाची सारी पुण्याई पणाला लावली. अनेक रशियन लोकांना त्या दिवशी खरंच दुःख झालं, कारण लहानपणापासून हे नाव त्यांच्यासाठी राजकारणापलीकडचं होतं.

तेव्हा मुलींना काय सांगाल? 2020 गाळू नका. आठवी-नववीच्या मुलींना एवढं नक्की झेपतं की एकच व्यक्ती एका दिवशी असामान्य धैर्य दाखवते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला न पटणारं काम करते. मात्र वेळेचा मोठा भाग त्या 70 तासांना द्या. फळ्यावर पृथ्वी काढा, यान काढा, बाण आधी बरोबर दिशेने आणि मग उलटा काढा, आणि त्यांनाच विचारा की मोटर पेटल्यावर काय होईल. बहुतेक वर्गांत कुणी तरी उत्तर देतंच. उतरण्याचा प्रसंगही सांगा: आल्ताय भागातल्या शेतांवर पॅराशूटने उतरल्या, नाकाला मार बसला, गावकरी धावत आले, तर यानातलं उरलेलं अन्न त्यांना वाटून टाकलं. वैद्यकीय तपासणीसाठी ते मोजायचं होतं, त्यामुळे डॉक्टर वैतागले.

आणि व्याख्यानात दहा मिनिटं उरलीच तर स्वेत्लाना साविस्काया यांच्यासाठी ठेवा. 1982 मध्ये अंतराळात गेलेली दुसरी स्त्री. हवाई दलाच्या मार्शलची मुलगी, 1970 ची विमानकसरतींची जगज्जेती, चाचणी वैमानिक. 25 जुलै 1984 ला त्या साल्यूत-7 स्थानकाबाहेर पडल्या, अंतराळात चालणारी पहिली स्त्री. कीवमधल्या पातोन संस्थेने बनवलेल्या हत्याराने बाहेर तरंगत धातू कापला, जोडला, वितळवून लावला. साडेतीन तास. पुढे त्याही दुमात गेल्या, पण कम्युनिस्ट पक्षातर्फे, म्हणजे सत्तेबाहेरच्या बाकांवर. त्यांच्याबद्दल बोलताना मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगा: त्याच साल्यूत-7 वर, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आपले राकेश शर्मा आठवडाभर राहून आले होते, आणि स्थानकावर मुक्कामाला असलेले किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव हे तिघे दोन्ही वेळेला तिथे होते.